मेंदूच्या गाठीपर्यंत औषध पोचतं तरी कसं?

तेरणाकाठ (कळंब)

मंडळी, नमस्कार. आमच्या दाजींच्या मेंदूत गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं, बायोप्सीचा रिपोर्ट 'ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४' असा आलाय, म्हणजे मेंदूचा वेगानं वाढणारा कॅन्सर. आता सहा आठवडे शेक (रेडिएशन) आणि त्यासोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या कॅप्सूल असं ठरलंय. एवढ्यात भावकीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरायलाय. 'नॅनो औषध, थेट गाठीवर, बाकी शरीराला धक्का नाही.' दाजींचे थोरले बंधू म्हणायलेत, दोन एकर काढू पण हेच करू. ताई काही बोलत नाही, नुसती माझ्याकडं बघती.

मी बी.कॉम. झालेला माणूस. यातलं कळत नाही, पण नीट सांगितलं तर समजतं. गोळी जाते पोटात, गाठ डोक्यात. मधी काय होतं? थेट गाठीवर औषध सोडायची पद्धत खरंच आहे का? असली तर डॉक्टर का सांगेनात? धीर देणारे प्रतिसाद नकोत, ते घरी रोज मिळतात. माहिती द्या.

मांजरा_फार्मसी (लातूर)

फार्मसी कॉलेजात फार्मास्युटिक्स, म्हणजे औषध घडवायचं आणि पोचवायचं शास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. उपचाराचा निर्णय दाजींच्या डॉक्टरांचाच. पण 'मधी काय होतं' हा माझा विषय आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

शरीरात बहुतेक ठिकाणी केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये बारीक फटी असतात. रक्तातलं औषध त्यातून झिरपतं आणि अवयवापर्यंत जातं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. औषधाला फटच मिळत नाही, पेशीच्या आतूनच पलीकडं जावं लागतं. त्यासाठी रेणू लहान हवा, ढोबळमानाने ४००-५०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं माप) आतला, आणि स्निग्धात विरघळणारा हवा. एवढं जमवून एखादा रेणू आत शिरलाच, तर पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप बसलेले आहेत. ते त्याला उचलून परत रक्तात टाकतात. या सगळ्या बंदोबस्ताला ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. पुढं नुसतं बीबीबी लिहितो.

हे कळलं कसं, तेही गमतीचं आहे. १८८५ मध्ये पॉल एर्लिशने प्राण्याच्या रक्तात रंग टोचला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच. त्याला वाटलं मेंदू हा रंग धरतच नाही. त्याचाच शिष्य एडविन गोल्डमन, त्याने १९१३ मध्ये उलटं केलं. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदू रंग धरतो, मधेच काहीतरी आडवं येतंय. ते सांधे प्रत्यक्ष दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागला, तो शोधनिबंध १९६७ चा.

लहान रेणूंच्या औषधांपैकी सुमारे ९८ टक्के इथं अडतात असं नेहमी सांगतात. अँटिबॉडीसारखी मोठी औषधं तर जवळजवळ सगळीच. पॅक्लिटॅक्सेलचं उदाहरण घ्या. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरला ते कायम वापरतात. काचेच्या डिशमध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या पेशीही त्याने मरतात. पण शिरेतून दिलं की मेंदूत नगण्य पोचतं. या आजारात मारणारी औषधं सापडलेली नाहीत असं नाही, ती तिथपर्यंत जात नाहीत.

आता तुमची कॅप्सूल. टेमोझोलोमाइडचा रेणू १९४ डाल्टनचा, म्हणजे लहानखुरा. पोटातल्या आम्लात टिकतो, आतड्यातून जवळपास पूर्ण शोषला जातो आणि रक्ताच्या पीएचला आपोआप फुटून खरं काम करणारं द्रव्य तयार होतं. त्यासाठी यकृताची गरज लागत नाही. मेंदूच्या पाण्यात त्याची पातळी रक्ताच्या साधारण एक पंचमांश असते. ऐकायला कमी वाटेल, पण बाकीच्यांच्या मानाने हे भरपूर आहे. २००५ मध्ये ५७३ पेशंटांची मोठी चाचणी छापून आली. नुसत्या शेकावर मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याच्या पुढं जगतात तो आकडा) १२.१ महिने होतं, शेक आणि टेमोझोलोमाइड मिळून १४.६. दोन वर्षं पार करणारे १०.४ टक्के होते, ते २६.५ टक्के झाले. तेव्हापासून पहिला उपचार जगभर हाच. पुणे असो की न्यूयॉर्क. तेव्हा घरात कुणी 'नुसती गोळी दिली' म्हणत असेल तर सांगा, ती पोचते म्हणूनच निवडलीय.

पैठणी_पदर (संभाजीनगर)

सर, माहिती उत्तम, पण महिन्यांचे आकडे असे उघडे टाकायचे का? ते पेशंटचे मेहुणे आहेत.

तेरणाकाठ

मीच मागितले ताई. असू द्या. सर, लिहीत राहा.

हळद्या (वसमत)

सर एक शंका. आमच्या चुलत्याचा एमआरआय काढला तेव्हा हातातून डाय दिला, तर गाठ पांढरी चमकली. डाय रक्तातूनच गेला ना? मग तिथं बीबीबी फुटलेला आहे. डाय जातो तर औषधालाच काय झालं?

मांजरा_फार्मसी

वर्गात हा प्रश्न कुणी विचारला तर मी खडू ठेवून बसतो, कारण सगळी मेख इथंच आहे.

बरोबर ओळखलंत. गाठीच्या मधल्या भागात नव्या वाहिन्या घाईघाईत झालेल्या असतात, त्या गळतात. गॅडोलिनियमचा डाय तिथं झिरपतो आणि तो भाग चमकतो. पण सर्जन नेमका तोच चमकणारा भाग काढून टाकतात. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी मात्र कडेच्या निरोगी दिसणाऱ्या मेंदूत शिरलेल्या असतात, आणि तिथला बीबीबी बराचसा शाबूत असतो. तिथं डाय जात नाही, म्हणून चमक नाही. औषधही नीट जात नाही. गाठ परत येते तेव्हा बहुतेक वेळा जुन्या जागेच्या दोन सेंटीमीटरच्या आतच येते. म्हणजे औषध पोचवायचंय ते फोटोत न दिसणाऱ्या भागात. 'थेट गाठीवर' म्हणणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा: कुठल्या गाठीवर? जी काढून झाली तिच्यावर?

आणि पृष्ठभाग केवढा म्हणाल, तर मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढं एक जोडल्या तर सुमारे ६०० किलोमीटर भरतात असा अंदाज आहे. नांदेडहून नंदीग्राम धरून मुंबईला उतरेपर्यंतचं अंतर. त्या सबंध लांबीवर हा बंदोबस्त आहे.

अवांतर: सूज उतरायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात ना, ते गळती कमी करतं. त्यामुळं स्टिरॉइड सुरू असताना चमक कमी दिसली म्हणजे गाठ आटली असं घरी कुणी जाहीर करू नये.

बालाघाट (अंबाजोगाई)

सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक आहे, बाळबोध विचारतो. कवटी उघडलीच होती. मग पोकळीतच औषध ठेवून टाके का घालत नाहीत? रक्ताची भानगडच नको.

मांजरा_फार्मसी

गुरुजी, तेच केलं गेलंय. एमआयटीचे रॉबर्ट लँगर आणि जॉन्स हॉपकिन्सचे न्यूरोसर्जन हेन्री ब्रेम यांनी हळूहळू झिजणाऱ्या पॉलिमरच्या चकत्या केल्या, त्यात कारमुस्टीन नावाचं औषध. नाव ग्लायाडेल. अमेरिकेत १९९६ मध्ये परत आलेल्या गाठीसाठी मान्यता मिळाली, २००३ मध्ये नव्या रुग्णांसाठीही. नाण्याएवढी चकती, एकीत ७.७ मिलिग्रॅम औषध, जास्तीत जास्त आठ चकत्या पोकळीच्या कडांना लावायच्या. दोन-तीन आठवडे औषध सुटत राहतं.

कल्पना फर्मास. फायदा किती? नव्या रुग्णांच्या चाचणीत ११.६ वरून १३.९ महिने. अडचण अशी की औषध चकतीपासून काही मिलिमीटरच पसरतं, आणि आत्ताच म्हटलं तसं पेशी सेंटीमीटरभर लांब गेलेल्या असतात. शिवाय जखम नीट न भरणं, पाणी गळणं, सूज, संसर्ग हे आहेच.

मग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या लोकांनी १९९४ मध्ये दुसरी युक्ती मांडली. औषध आपसूक पसरायची वाट बघायची नाही. बारीक नळ्या मेंदूत घालायच्या आणि पंपाने मिनिटाला काही मायक्रोलिटर या गतीने, सतत हलका दाब ठेवून ते ढकलायचं. दाबामुळं ते पेशींच्या मधल्या जागेतून दूरवर जातं, मोठा रेणूसुद्धा. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला सीईडी म्हणतात. यावर प्रिसाइज नावाची मोठी चाचणी झाली, तुलना थेट त्या ग्लायाडेल चकत्यांशी. निकाल २०१० मध्ये छापला: आयुष्यात फरक नाही. मागाहून तपासलं तर बऱ्याच नळ्या ठरल्या जागी बसल्याच नव्हत्या, औषध भलतीकडं जात होतं. म्हणजे पद्धत हरली की हात हरला, हेही धड ठरेना. मला स्वतःला सीईडीत अजून दम वाटतो, विशेषतः लहान मुलांच्या ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) गाठींसाठी, जिथं सुरी चालवताच येत नाही. पण ते आज बाजारात मिळणारं काही नव्हे.

सिस्टर_आक्का (संभाजीनगर)

कॅन्सर वॉर्डात बरीच वर्षं काढली. थेट पोचवायची एक पद्धत आपल्याकडं रोज चालते, ती कुणी मोजतच नाही. ल्युकेमियाच्या लेकरांना पाठीतून मेथोट्रेक्सेट देतात, तेच. कंबरेतून सुई मणक्याच्या पाण्यात, म्हणजे बीबीबीला वळसा. वारंवार द्यायचं असेल तर टाळूखाली ओमाया रिझर्व्हॉयर बसवतात, घुमटासारखी छोटी रबरी डबी, तिची नळी मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत. शोधणारे अयुब ओमाया, जन्म आताच्या पाकिस्तानातला, काम अमेरिकेत, १९६३ साल.

पण तेरणाकाठ भाऊ, हे पाण्यात आणि आवरणावर पसरलेल्या आजारासाठी. पाण्यातलं औषध मेंदूच्या गाभ्यात फार खोल मुरत नाही. दाजींच्या गाठीला त्याचा उपयोग नाही, म्हणून डॉक्टरांना 'पाठीतून का देत नाही' म्हणून धारेवर धरू नका. नातेवाईक धरतात, मी पाहिलंय.

आणि वाट बदलली की औषधाचा गुण बदलतो हेही सांगते. व्हिनक्रिस्टिन शिरेतून दिलं तर औषध, चुकून पाठीतून गेलं तर माणूस जातो. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीत भरून ठेवायचा नियम आहे, पाठीच्या सुईला जोडताच येऊ नये म्हणून. 'थेट दिलं की चांगलंच' एवढं सोपं नसतं.

दाजींच्या कॅप्सूलबद्दल, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरी: उपाशीपोटी, रोज ठराविक वेळी. जेवणानंतर घेतली तर शोषण कमी होतं. आधी उलटीची गोळी. कॅप्सूल फोडून मधात कालवून देऊ नका, गिळवत नसेल तर डॉक्टरांना सांगा. फुटलीच तर भुकटी हाताला, नाकाला लागू देऊ नका, घरात गरोदर बाई असेल तर तिला लांब ठेवा. शेकाच्या काळात दर आठवड्याला रक्त तपासायचं, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी बघायला. ते रक्त आपल्या तालुक्याला काढून रिपोर्ट मोबाईलवर पाठवला तर बहुतेक डॉक्टर चालवून घेतात, विचारून बघा.

तेरणाकाठ

आक्का, हे छापून फ्रिजवर लावतो. एक विचारायचं राहिलं, ऑपरेशनच्या आधी दाजींना मॅनिटॉलच्या बाटल्या लावल्या होत्या. व्हिडिओतला माणूस म्हणतो मॅनिटॉलने मेंदूचं दार उघडतं. मग तेव्हाच केमो का नाही दिली?

मांजरा_फार्मसी

व्हिडिओवाल्याने अर्ध खरं सांगितलंय, तेच जास्त घातक. हातातून दिलेलं मॅनिटॉल सूज उतरवतं, त्या मात्रेत बीबीबी उघडत नाही. उघडायचा असेल तर मांडीतून कॅथेटर थेट मेंदूच्या धमनीत नेऊन दाट मॅनिटॉल जोरात सोडावं लागतं. पेशी आकसतात, सांधे थोडा वेळ सैल होतात, लगेच मागून केमो. अमेरिकेत ओरेगॉनचे एडवर्ड न्यूवेल्ट यांनी यावर सारी हयात घातली. पण त्यात त्या धमनीचा सगळाच प्रदेश उघडा पडतो, पेशंटला भूल द्यावी लागते, झटके येतात. सरसकट उपचार म्हणून ते रुळलं नाही.

परभणीकर_बोस्टन

धागा आत्ता दिसला. मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये आहे, पण अल्ट्रासाउंडच्या भागाशी थेट संबंध नाही. तरी ते इथं यायलाच हवं, कारण सध्या सगळ्यात जीव त्यातच आहे.

इको करताना वापरतात तसले सूक्ष्म बुडबुडे शिरेतून सोडायचे. मग ध्वनिलहरी मेंदूतल्या ठराविक जागी एकवटायच्या. त्या जागेतून जाणारे बुडबुडे आकुंचन-प्रसरण पावतात आणि वाहिनीच्या भिंतीला आतून हलकेच ताणतात. सांधे काही तास सैल. फक्त तेवढ्या जागेत, आणि पुन्हा आपोआप मिटतात. सशांवरचं मूळ काम २००१ चं, कुलेर्वो हायनिनेन यांचं. माणसाच्या मेंदूच्या गाठीत टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात २०१५ मध्ये केलं, एमआरआयच्या आत, हजारावर ध्वनिस्रोत असलेलं शिरस्त्राण घालून. फ्रान्समध्ये अलेक्झांडर कार्पेंटिए यांच्या गटाने वेगळी वाट धरली: हाड ध्वनी अडवतं ना, मग कवटीच्या खिडकीतच अल्ट्रासाउंडचं यंत्र बसवून टाका. दर वेळी कातडीतून सुई घालून तारेने जोडायचं, काही मिनिटांत काम संपतं.

आता सरांच्या पॅक्लिटॅक्सेलकडं या. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अॅडम सोनाबेंद यांच्या चमूने ते कवटीतलं यंत्र वापरून १७ रुग्णांना अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल दिलं. २०२३ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात आलंय. उघडलेल्या भागात औषधाची पातळी न उघडलेल्या भागाच्या जवळपास चौपट. आणि दार मिटायला पहिल्या तासातच सुरुवात होते, म्हणून औषध केव्हा सोडायचं तेही त्यांनी मोजलं. शंभर वर्षं जे औषध दारात उभं होतं ते आत गेलं, मित्रांनो!

मांजरा_फार्मसी

शंभर नाही हो, पॅक्लिटॅक्सेल साठच्या दशकातलं आहे :) पण उत्साह समजतो. फक्त तेरणाकाठांसाठी एक ओळ: ती पहिल्या टप्प्याची चाचणी होती. किती मात्रा झेपते आणि औषध पोचतं का, एवढंच बघायला. पोचलं. पोचल्याने माणसं जास्त जगतात का, हे मोठ्या तुलनात्मक चाचणीतच ठरणार. सीईडीच्या वेळीही औषध पोचतंय असंच आधी वाटत होतं.

परभणीकर_बोस्टन

मान्य. पण सीईडीत नळीच्या टोकावर भिस्त होती, इथं एमआरआयवर उघडलेला भाग डायने दिसतो. बघून खात्री करता येते. हा फरक लहान नाही.

मांजरा_फार्मसी

हे मात्र खरंय.

हळद्या (वसमत)

मी मघापासून गप्प बसलोय. आमच्या वसमतच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, अन् तुम्ही कुणी हळदीतल्या करक्युमिनचं नाव काढीना! 'नॅनो करक्युमिन'चे थेंब मिळायलेत, जिभेखाली ठेवायचे, थेट मेंदूत म्हणे. आमचा माल असला तरी खरं काय ते सांगा.

मांजरा_फार्मसी

तुमच्या हळदीचा मी चाहता आहे, म्हणून सरळ सांगतो. डिशमध्ये करक्युमिन कॅन्सरच्या पेशींवर परिणाम करतं, याचे निबंध ढीगभर आहेत. पण माणसाला दिवसाला आठ ग्रॅमपर्यंत खाऊ घालूनही रक्तात फारच थोडं सापडतं. आतड्यात कमी शोषतं, आणि शोषलं तेवढं यकृत लगेच बदलून टाकतं. नॅनो करण्याचा खटाटोप यासाठीच चालतो, त्यात संशोधन म्हणून काही वावगं नाही. पण ग्लायोब्लास्टोमाच्या पेशंटचं आयुष्य त्याने वाढलं, असं दाखवणारी धड चाचणी नाही.

आणि 'नॅनो' म्हणजे आपोआप गाठीवर जाणारं, हा समज मोडायलाच हवा. माझे एम.फार्म.चे विद्यार्थी दर वर्षी नॅनोकण बनवतात. आकार मोजतात, आलेख काढतात, प्रबंध बांधून देतात. उंदराच्या गाठीत ते छान साठतात, कारण तिथल्या वाहिन्या गळक्या. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांचे निबंध एकत्र करून पाहिलं. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. शंभरातला एकसुद्धा नाही. बाकीचे यकृत आणि प्लीहा गिळतात. आणि हे बहुतेक शरीरातल्या इतर गाठींचं, मेंदूचं नव्हे. मेंदूसाठी कणांवर ट्रान्सफेरिनसारखी (रक्तात लोह वाहणारं प्रथिन) चावी लावतात, म्हणजे वाहिनीच्या पेशीवरच्या, लोह आत घेणाऱ्या रिसेप्टरने त्यांना ओढून घ्यावं. हुशार काम आहे. त्याचे थेंब जिभेखाली ठेवून मिळत नाहीत.

खिचडीत हळद घाला की. दाजींना थेंब देऊ नका, आणि देतच असाल तर डॉक्टरांपासून लपवू तरी नका. प्लेटलेट खाली आलेल्या असताना कोण काय पोटात ढकलतंय हे त्यांना माहीत हवं.

हळद्या (वसमत)

पटलं. हळदीला भाव कमी मिळाला तर तुम्हाला फोन करीन.

गोदाकाठ (नांदेड)

मेंदूतल्या सगळ्या गाठी मेंदूतच जन्मलेल्या नसतात, हे कुणीतरी लिहा म्हणून मीच लिहितो. दुसरीकडून मेंदूत आलेल्या गाठी जास्त. माझ्या आईला फुप्फुसाचा कॅन्सर, कधी तंबाखूला हात न लावलेली बाई. मेंदूत बारीक बारीक ठिपके. तपासणीत ईजीएफआर म्युटेशन (गाठीच्या एका जनुकातला बदल) निघालं आणि ओसिमर्टिनिब सुरू झालं. रोज एक गोळी. हे औषध बीबीबी ओलांडतं. ठिपके आकसले, आई सध्या अंगणात बसून भाजी निवडते. एएलके म्युटेशन असलेल्यांसाठी लोरलॅटिनिब आहे, ते मेंदूत जावं अशाच हिशेबाने घडवलेलं. तेव्हा नळ्या-चकत्या-अल्ट्रासाउंड सगळं ठीक, पण मुळात पार होणारा रेणू बनवणं ही सुद्धा पोचवण्याचीच पद्धत, आणि आपल्यासारख्यांच्या हाती आली ती हीच.

मांजरा_फार्मसी

गोदाकाठ, नेमकं बोललात. वोरासिडेनिब तसलंच. आयडीएच या जनुकात म्युटेशन असलेल्या ग्रेड २ च्या ग्लायोमासाठी (मेंदूच्या आधारपेशींची गाठ), अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता. मेंदूत जाईल असा रेणू मुद्दाम घडवला. गाठ वाढेपर्यंतचा काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ वर गेला. पण तेरणाकाठ, ते ग्रेड ४ साठी नाही, त्यामागं लागू नका. नाव यासाठी सांगितलं की ग्रुपवर लवकरच तेही येईल.

तेरणाकाठ

आलंच होतं काल :(

थोरल्या बंधूंनी त्या व्हिडिओवाल्याला फोन लावला. तो म्हणतो ही 'इंटरनॅशनल ट्रायल' आहे, चार लाख आधी भरा, जागा थोड्या आहेत. औषधाचं नाव गुप्त. दवाखान्याचं नाव विचारलं तर म्हणतो पैसे जमा झाल्यावर लोकेशन पाठवू.

बालाघाट (अंबाजोगाई)

नाव गुप्त! बंधूंना माझा नंबर द्या, मी बोलतो. चाळीस वर्षं पोरांना कान धरून शिकवलंय, त्यांनाही शिकवीन.

सिस्टर_आक्का

गुरुजी, कान नका धरू. तो माणूस घाबरलेला आहे, भावासाठी जमीन काढायला निघालाय. त्याला हे दाखवा: भारतात औषधाची ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीचं आहे. संकेतस्थळ कुणालाही उघडता येतं. आजाराचं नाव टाकलं की कुठली ट्रायल, कुठल्या दवाखान्यात, जबाबदार डॉक्टर कोण, सगळं दिसतं. त्यात नाव नाही तर ट्रायल नाही. खऱ्या ट्रायलमध्ये आधी संमतीपत्र वाचून दाखवतात, मराठीत. नैतिकता समितीचं नाव असतं. २०१९ च्या नियमांत इजा झाली तर उपचाराची आणि भरपाईची तरतूद आहे. प्रयोगातलं औषध पेशंटला विकत घ्यायला लावणं, तेही गुपचूप, हे कुठंच बसत नाही. बंधूंना म्हणावं, त्याच्याकडं फक्त नोंदणी क्रमांक मागा.

आणि पैसा लागणारच आहे, तो राखून ठेवा. तीस शेक म्हणजे सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज. पेशंट आणि एक माणूस मुक्कामाला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शेक आणि केमो बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, नंतर नको. पुण्याला राहणं झेपत नसेल तर शेक जवळ घेता येतो का तेही डॉक्टरांना विचारा. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तुमच्या कळंबकडून बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय हाकेवर. टाटाला जायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

तेरणाकाठ

नोंदणी क्रमांक मागितला. त्याने ब्लॉक केलं.

बंधू आता गप्प आहेत. जमिनीचं म्हणणं मागं पडलं. शेक बार्शीला होईल का ते सोमवारी विचारतो. आणखी एक, एका खासगी दवाखान्यात दुसरं मत घ्यायला गेलो तर तिथले डॉक्टर म्हणाले एमजीएमटी आणि आयडीएच केलंय का? पहिल्या रिपोर्टात ते दिसत नाही. करून काय फायदा, औषध तर तेच देणार ना?

मांजरा_फार्मसी

आयडीएच हवंच. आता त्यावरूनच ठरतं की याला ग्लायोब्लास्टोमा म्हणायचं की ग्रेड ४ अॅस्ट्रोसायटोमा, म्हणजे मेंदूच्याच गाठीचा दुसरा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात तसं आहे, आणि दोन्हींचा पुढचा अंदाज वेगळा असतो.

एमजीएमटी म्हणजे गाठीतल्या पेशीकडचं दुरुस्तीचं प्रथिन. टेमोझोलोमाइड डीएनएवर घाव घालतं, हे प्रथिन तो बुजवतं. ज्या गाठीत या प्रथिनाचं जनुक मिथायलेशनमुळं बंद असतं तिथं औषधाला जोर येतो. २००५ च्या त्याच चाचणीतल्या अशा रुग्णांत शेक आणि टेमोझोलोमाइड घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य २१.७ महिने निघालं, त्यातल्याच नुसता शेक घेतलेल्यांत १५.३. दाजींना औषध बहुधा तेच राहील, पण पुढं निर्णय घ्यायची वेळ आली, ट्रायल शोधायची झाली, तर हे दोन रिपोर्ट कुणीही आधी मागेल. औषध पोचणं ही अर्धी गोष्ट, पोचल्यावर तिथं काय होतं ते हे सांगतं.

तेरणाकाठ

त्यासाठी परत ऑपरेशन?

सिस्टर_आक्का

नाही हो. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून ब्लॉक करून पॅथॉलॉजीत ठेवलेले असतात. अर्ज द्या, पेशंटचं ओळखपत्र आणि रिपोर्टची झेरॉक्स जोडा. 'ब्लॉक आणि स्लाइड' असं दोन्ही मागा, नुसत्या स्लाइड घेऊन येऊ नका. दिल्याची नोंद करून घेतील, काम झालं की परत नेऊन द्या.

तेरणाकाठ

पुण्यातून घेऊन दुसऱ्या लॅबला द्यायचे तर बर्फात न्यावे लागतात का?

सिस्टर_आक्का

बर्फ नको. मेणातले ब्लॉक साध्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतात, चांगल्या कुरिअरनेही जातात. फक्त सध्याच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून चहाला उतरू नका. मेण पातळ होतं, आणि मग लॅबवाले मला फोन करतात.